विरजण लावताना घ्यायची गोळी

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सगळ्या घराचा हिशोब असतो. सिलिंडर कधी लावला, गाय कधी भरवली, वेचणीच्या बायांचे किती द्यायचे राहिले, गटाची बैठक कधी. मागच्या ऑक्टोबरपासून त्यात पेन्सिलीच्या आणखी काही खुणा आल्या. टिंब म्हणजे पाळणा लांबवायची गोळी घेतली. ‘म’ म्हणजे मळमळ, ‘ड’ म्हणजे डाग, ‘क’ म्हणजे कपाळ दुखलं. मी बचत गटाची सचिव, त्यामुळे आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, तोही गटाचाच हिशोब वाटतो. मी काही सांगायला गेले नाही.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, डांबरी रस्ता संपल्यावर आणखी आत. पाच एकर कोरडवाहू म्हणायचं, पण विहीर आहे, म्हणून हरभरा होतो. दोन मुली. मोठी पाच वर्षांची, धाकटी फेब्रुवारीत झाली. मोठीच्या वेळी बाळंतपणानंतर कॉपर-टी बसवली होती. माझ्या बहिणीला तिचा पाच वर्षं काही त्रास नाही. मला मात्र पाळीत इतकं जायला लागलं की वर्षभरात हिमोग्लोबिन 8.4 वर आलं आणि ती काढावी लागली. धाकटीच्या वेळी दवाखान्यात ऑपरेशनचं विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, “इतक्यात नाही.” मीही तेच म्हटलं. त्यांना नातू पाहिजे होता, मला विचार करायला दोन-तीन वर्षं पाहिजे होती. कारणं वेगळी, पण उत्तर एकच आलं म्हणून घरात भांडण झालं नाही. पुरुषाचं ऑपरेशन बाईच्यापेक्षा सोपं असतं, असं मी यांना एकदा सांगून पाहिलं. तेव्हा हे मोबाइलचा चार्जर शोधायला उठले ते तासभर आलेच नाहीत.

राहिल्या गोळ्या. आशाताईंच्या पिशवीत माला-एन असतेच, फुकट मिळते. पण धाकटी तेव्हा पाच महिन्यांचीही झाली नव्हती आणि पूर्ण अंगावर होती. आशाताई म्हणाल्या, आधी उपकेंद्रात मॅडमना विचारू. उपकेंद्र शेजारच्या गावात, तीन किलोमीटरवर. तिथल्या सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, मॅडम वयाने माझ्याहून लहान असतील, पण प्रश्न विचारायला लागल्या की थांबत नाहीत. बीपी घेतलं, वजन केलं. कधी कावीळ झाली होती का, पाय सुजून पोटरी दुखली होती का, अर्धशिशी आहे का, फिट येतात का, टीबीच्या गोळ्या चालू आहेत का, सिकलसेलची तपासणी झाली का. एवढं विचारून झाल्यावर म्हणाल्या, “ताई, माला-एन आता नको. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नाही, त्यानं दूध कमी होऊ शकतं. तोवर छाया घ्या.”

छाया ही हार्मोनची गोळी नाही. लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत शोधलेलं औषध आहे ते, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरुवात करायची. माझी पाळी 2 जुलैला आली, तो मंगळवार, म्हणून माझे वार मंगळवार आणि शुक्रवार. मळमळ नाही, डोकं दुखणं नाही, काही म्हणजे काही नाही. फक्त पाळी यायची थांबली.

मॅडमनी ते आधीच सांगितलं होतं, छायेनं पाळी लांबते. पण ऐकणं वेगळं आणि पस्तिसावा दिवस उलटल्यावर रात्री छताकडे बघत पडणं वेगळं. पाळी 43 दिवसांनी आली. पुढची तर 56 दिवसांनी. मधल्या काळात आशाताईंकडून दिवस गेलेत का ते तपासायचं निश्चय किट तीनदा आणलं. सकाळी सगळे उठायच्या आधी न्हाणीत उभं राहून त्या पट्टीवर दुसरी रेघ येते का बघायचं. तिन्ही वेळा एकच रेघ. तिसऱ्या वेळी मी पट्टी हातात धरून पाच मिनिटांच्या जागी पंधरा मिनिटं उभी होते. बाहेरून मोठी पोरगी दार वाजवत होती. मॅडमच्या हिशोबाने हा साधा परिणाम, धोका कशाचाच नाही. माझ्या हिशोबाने मात्र दर महिन्याला पंधरा दिवस जीव टांगणीला. गोळी अंगाला मानवली होती, मनाला मानवली नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. “हेही बदलायला पुरेसं कारण आहे,” म्हणाल्या. धाकटी तोवर आठ महिन्यांची झाली होती, वरणभात खात होती. 9 ऑक्टोबरला पाळी आली आणि त्याच दिवशी माला-एनचं पाकीट उघडलं.

हे पाकीट कसं असतं ते लिहिते, कारण माझी पुढची सगळी फजिती त्यातच आहे. एकूण 28 गोळ्या. 21 पांढऱ्या, त्या हार्मोनच्या. शेवटच्या 7 गडद रंगाच्या, त्या फक्त लोहाच्या. लोहाच्या गोळ्या चालू असतानाच पाळी येते. 28 संपल्या की दुसऱ्या दिवशी नवं पाकीट, मध्ये एकाही दिवसाची सुट्टी नाही.

पहिली चूक वेळेची. सोयाबीन काढणीचे दिवस होते. पाचला उठून चूल पेटवायची, कोरा चहा घ्यायचा, डबे भरायचे. विसरायला नको म्हणून मी गोळी पहाटेच्या चहासोबत घ्यायला लागले. कॅलेंडरवर पहिल्या आठवड्यात सहा ‘म’ आहेत. शेतात पोचेपर्यंत तोंडाला पाणी सुटायचं, सोयाबीनच्या गंजीचा तो ओलसर वास आला की पोटात ढवळायचं. सोबतच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मोठ्या जाऊबाईंनी तर विचारलंच, “काहून व, पुन्हा का?” गोळी कशासाठी घेते आणि लोकांना काय वाटते!

मॅडमना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पोटात काय असतं तेव्हा?” मी म्हटलं, चहा. “मग रात्री जेवून घ्या. झोपेत मळमळ निघून जाते.” एवढाच उपाय. पण रात्रीची वेळ धरायची कशाला? यांच्या डब्याला धरून बघितली, हे ओलिताला निघाले की गोळी घ्यायची. ते टिकलं नाही. आमच्याकडे शेताची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. दिवसाचा आठवडा आला की डबा सकाळी, आणि गोळी गेली कुठल्या कुठे. मोबाइलला अलार्म लावला तर तो पोरींच्या हातात. शेवटी विरजण सापडलं. जेवणं झाली, भांडी आवरली, की मी रोज दुधाला विरजण लावते. वीज असो नसो, पाहुणे असोत, उपास असो, ते चुकत नाही. विरजणाच्या वाटीमागे, मिठाच्या बरणीला लागून गोळ्यांचं पाकीट ठेवलं. एका हाताने दुधात चमचा फिरवायचा, दुसऱ्या हाताने गोळी तोंडात. तेव्हापासून कॅलेंडरवर ‘म’ दोनच आहेत.

डागांनी मात्र छळलं. पहिल्या पाकिटाच्या दहाव्या गोळीपासून चार-पाच दिवस थोडं थोडं अंगावरून जात राहिलं. पाळीसारखं नाही, पण कापड घ्यावं लागेल इतकं. आमच्या शेतात तेव्हा कापसाची पहिली वेचणी सुरू झाली होती. आत्याबाई सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवून मग पहिली बोंडं वेचायची. आणि मला डाग. पाळीतल्या बाईनं सीतादह्याला यायचं नसतं. ही पाळी नाही, हे मला माहीत, पण ते सांगायला गेले तर गोळीचं सांगावं लागणार. मी काही न बोलता गेले, हात जोडले, वेचायला लागले. देवाला काय कळायचं ते कळलं असेल.

पाकीट मध्येच बंद करावं असं त्या आठवड्यात किती वेळा वाटलं. बाया बंद करतात ते याच ठिकाणी. “गोळी गरम पडली, मले नाही लागली,” हे वाक्य आमच्या गटात मी किमान चार जणींच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यातल्या दोघींना पुढच्या सहा महिन्यांत दिवस गेले. मॅडमचं म्हणणं, शरीराला नव्या हार्मोनची सवय व्हायला तीन पाकिटं लागतात. तोवर डाग पडणं, छाती दुखरी होणं, थोडी मळमळ, हे चालायचं. डाग पडले म्हणजे गोळी काम करत नाही असं नाही. गोळी बंद करायची नाही आणि वेळ चुकवायची नाही.

आणि मी नेमकी चुकवली. लोहाच्या गोळ्या 30 ऑक्टोबरला सुरू झाल्या, दिवाळीच्या गर्दीत पाळी येऊन गेली, 5 नोव्हेंबरला पाकीट संपलं. भाऊबीजेला माहेरी गेले होते. नवं पाकीट सोबत होतं, पिशवीत, साड्यांच्या खाली. पण माझ्या डोक्यात असं बसलं होतं की पहिलं पाकीट पाळी बघून सुरू केलं, म्हणजे दुसरंही पाळीकडे बघूनच करायचं. पाळी तर होऊन गेली. मग आता घरी गेल्यावर बघू. घरी आले, विरजण लावायला गेले, बरणीमागे हात घातला आणि तिथंच थांबले. तारीख 10 नोव्हेंबर. सहाला सुरू करायचं पाकीट. कॅलेंडरवर त्या चार चौकोनांत काहीच नाही.

त्या रात्री गोळी घेतली आणि सकाळी उपकेंद्र गाठलं. एखादी पांढरी गोळी राहिली तर आठवल्याबरोबर घ्यायची, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतात, हे मला पाठ होतं. मॅडमनी कागदावर आकडे मांडले. लोहाचे सात आणि हे चार, अकरा दिवस हार्मोन पोटात नाही. पाकीट संपून नवं लागायचा जो सांधा असतो, तिथं उशीर करणं सगळ्यात महागात पडतं, कारण सात दिवस आधीच कोरे गेलेले असतात. पुढचे सात दिवस निरोध वापरायचा, आणि तीन आठवड्यांनी एकदा किट करायचं. घरी येऊन यांना निरोधचं सांगितलं. हे म्हणाले, “गोळ्या कशाले आणल्या मग?” मी कागद दाखवला. आकडे यांना पटतात. खताच्या दुकानात पाच रुपये इकडेतिकडे झाले तरी पकडतात. अकरा दिवस बघून गप्प बसले.

किटवर पुन्हा एकच रेघ आली. पण त्या खाड्याचा वचपा दुसऱ्या पाकिटात निघाला, डाग आठ दिवस. तेव्हा मी वैतागून आणखी एक उद्योग केला. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेले होते, एका मेडिकलमध्ये शिरले. दुकानात तीन पुरुष उभे, म्हणून आधी खोकल्याचं औषध मागितलं, ते गेल्यावर गोळीचं. दुकानदार म्हणाला, सरकारी गोळ्यांनी असंच होतं, ही चांगल्या कंपनीची घ्या. शंभराची नोट मोडली. चकचकीत पाकीट, त्यात 21 गोळ्या. ते घेऊन थेट मॅडमकडे. त्यांनी दोन्ही पाकिटं उलटी करून माझ्यासमोर ठेवली आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. लेवोनोरजेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम, इथिनाइल इस्ट्राडिओल 0.03 मिलिग्रॅम. दुसरं पाकीट, तेच नाव, तोच आकडा. फरक एवढाच की महागात लोहाच्या सात गोळ्या नव्हत्या.

मला हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी सांगितलं की इस्ट्राडिओल 0.02 असलेल्याही गोळ्या मिळतात. मळमळ आणि छाती दुखणं ज्यांचं थांबतच नाही त्यांना डॉक्टर तशी देतात, पण त्यात डाग जास्त पडू शकतात. माझी तर मळमळ थांबली होती, डागच राहिले होते. म्हणजे ती बदलून मी उलट खड्ड्यात गेले असते. तिसऱ्या पाकिटापर्यंत थांबायचं ठरलं. शंभरवालं पाकीट कपाटात गेलं.

कपाळ दुखायचं त्याची गोष्ट वेगळी. त्याचीच मला जास्त भीती होती, कारण मोठ्या जाऊबाईंचं प्रकरण मी बघितलं होतं. त्यांनाही दोन वर्षांपूर्वी माला-एन दिली होती. त्यांचं डोकं एका बाजूनं दुखायचं, आणि त्याच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड चमकायचा. त्यांना वाटायचं ऊन लागलं. उपकेंद्रात विचारल्यावर त्या सहज बोलून गेल्या, आणि त्याच दिवशी त्यांची गोळी बंद झाली. उजेड दिसून येणाऱ्या अर्धशिशीत ही हार्मोनची जोडगोळी घेतली तर लकव्याचा धोका वाढतो. बीपी जास्त असेल तरी देत नाहीत, आणि पस्तिशीपुढची बाई बिडी ओढत असेल तरी नाही. जाऊबाई आता तीन महिन्यांतून एकदा अंतरा इंजेक्शन घेतात. त्यांची पाळी जवळजवळ बंदच आहे आणि त्या त्यावर खूश आहेत. पाळी लांबली म्हणून मी छाया सोडली, आणि त्या पाळी येत नाही म्हणून खूश!

तर माझं कपाळ. मॅडमनी बीपी घेतलं, 112 आणि 74. उजेड दिसतो का? नाही. एकच बाजू? नाही, सगळं कपाळ. कधी दुखतं? इथं मी कॅलेंडरचा फोटो मोबाइलवर दाखवला. त्या बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “ताई, तुम्हीच बघा.” तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं. जेवढे म्हणून ‘क’ होते, सगळे गडद गोळ्यांच्या आठवड्यात होते. पांढऱ्या गोळ्या थांबल्या, हार्मोन उतरलं, की दुखायचं. आणि मी त्यासाठी पांढऱ्या गोळ्यांना शिव्या देत होते. पॅरासिटॅमॉल घ्या, पाणी प्या, आणि वाढलं किंवा उजेड दिसला तर लगेच या, म्हणाल्या.

त्याच वेळी त्यांनी आणखी एक केलं ते माझ्या लक्षात राहिलंय. खुर्चीवरून उठल्या, स्वतःच्या पोटरीवर हात ठेवला, मग छातीवर, मग पोटावर, डोळ्यांवर, कपाळावर. एक पोटरी सुजून दुखली, छातीत कळ किंवा दम लागला, पोटात जोराचं दुखलं, डोळे पिवळे झाले किंवा अचानक अंधुक दिसलं, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तर गोळी बंद आणि सरळ दवाखाना. त्यासाठी मला विचारत बसायचं नाही, रात्र असली तर 108 ला फोन. मग मला तसंच करून दाखवायला लावलं. उपकेंद्राच्या दारात लसीकरणाला आलेल्या बाया, आणि आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून पोटरी, छाती, पोट. कवायत चालली आहे असं वाटलं असेल त्यांना.

चिडचिडीची खूण मी कॅलेंडरवर केली नाही. सुरुवातीला ‘च’ लिहायचं ठरवलं होतं, पण डिसेंबरात ती गोळीची होती की कापसाच्या भावाची, हे मला अजून सांगता येणार नाही. वजन 47 चं 48 झालं. लग्नसराईत एका पंगतीनंतर उलट्या झाल्या, गोळी घेऊन अर्धा तास झाला होता. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक पांढरी घ्यायची असते, ती जादा पाकिटातली घेतली. गटातल्या एकीच्या टीबीच्या गोळ्या चालू आहेत, तिला मी स्वतः उपकेंद्रात नेलं, कारण त्यातल्या रिफाम्पिसिननं माला-एनचा जोर कमी होतो हे मला त्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नांमुळे माहीत झालं होतं.

फेब्रुवारीत एकदा सरकारी पाकिटांचा साठाच आला नाही. आशाताई हात हलवत आल्या. तेव्हा कपाटातलं ते शंभरवालं पाकीट निघालं. त्यात लोहाच्या गोळ्या नाहीत, म्हणजे 21 झाल्या की सात दिवस काहीच घ्यायचं नाही आणि आठव्या दिवशी न विसरता सुरू करायचं. ते सात दिवस मी विरजण लावताना रिकाम्या हाताने बरणीमागे चाचपायची. लोहाच्या गोळ्या कशाला असतात ते तेव्हा कळलं, रक्त वाढतं ते आहेच, पण हाताची सवय मोडत नाही. आता मी आशाताईंकडून एक पाकीट नेहमी पुढचं घेऊन ठेवते. त्या कुरकुरतात, पण देतात.

तिसरं पाकीट 8 डिसेंबरला सुरू झालं होतं. त्यात डाग एकच दिवस पडला, चौथ्यात पडलाच नाही. पण वर्ष संपलं तेव्हा तिसऱ्यातल्या चार गडद गोळ्या बाकी होत्या आणि त्या नव्या कॅलेंडरवर जाणार होत्या. मला आधीचे ‘क’ समोर पाहिजे होते, म्हणून जुनं कॅलेंडर मी काढलं नाही, नवं त्याच्या शेजारी लावलं. आत्याबाई चार दिवस बघत होत्या. पाचव्या दिवशी ताक घुसळता घुसळता म्हणाल्या, “दोन दोन कशाले टांगले व? गटाचा हिशोब जुळून नाही रायला का?”

“जुळून रायला,” मी म्हटलं, “थोडा बाकी आहे.”